चार इनपुट आणि पाच जणांचा बँड: घरच्या स्टुडिओत एकत्र रेकॉर्डिंग कसे करावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या बँडमध्ये पाच जण आहेत: ड्रमर, बेसवादक, गिटारवादक, गायिका आणि कीबोर्ड वाजवणारा मी. रेकॉर्डिंगची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. साधारण चार मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद अशा एका खोलीत आम्ही सराव करतो आणि तिथेच सहा गाणी रेकॉर्ड करण्याचा आमचा विचार आहे. अडचण इनपुटची आहे. माझ्या इंटरफेसला (माईक आणि वाद्ये संगणकाला जोडणाऱ्या यंत्राला) माईकचे चारच इनपुट आहेत. मागच्या बाजूला एक चौकोनी ऑप्टिकल सॉकेट आहे, पण ते मी कधी वापरलेले नाही. त्याशिवाय दोन इनपुटचा एक जुना इंटरफेस, सरावासाठी घेतलेला आठ चॅनलचा साधा अ‍ॅनालॉग मिक्सर आणि एक डीआय बॉक्स (बेससारखे वाद्य थेट जोडण्याची पेटी) एवढे साहित्य हाताशी आहे. माईक एकूण सात आहेत: दोन छोटे कंडेन्सर, एक किक ड्रमसाठीचा आणि चार साधे डायनॅमिक.

गेल्या महिन्यात आम्ही एक गाणे एकेक वाद्य स्वतंत्रपणे घेऊन रेकॉर्ड करून पाहिले. आधी क्लिकवर (हेडफोनमधल्या लयीच्या टिकटिकीवर) गिटार, मग बेस, मग कीबोर्ड, त्यानंतर ड्रम आणि शेवटी आवाज. प्रत्येकाने आपापला भाग न चुकता वाजवला, तरीही सगळे एकत्र ऐकल्यावर ते आमचे गाणे वाटेना. सरावात दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी ड्रमर किंचित रेंगाळतो, आम्ही सगळे त्याच्याकडे बघत थांबतो आणि मग एकदम समेवर येतो. ती जागा या रेकॉर्डिंगमध्ये पार सपाट झाली. ड्रमरचे म्हणणे असे की, गिटार आधीच ठरून गेलेली असल्यामुळे त्याला तिच्या मागून चालावे लागले, आणि मला ते पटते.

मला तीन मार्ग सुचतात. पहिला, ड्रमचे सगळे माईक मिक्सरमध्ये एकत्र करून त्यांचा स्टिरिओ आउटपुट दोन इनपुटवर घ्यायचा आणि उरलेले दोन इनपुट इतरांना द्यायचे. दुसरा, दोन्ही इंटरफेस एकाच संगणकाला जोडून सहा इनपुट मिळवायचे. तिसरा, पुन्हा एकेक वाद्य घ्यायचे, पण सुरुवात ड्रमपासून करायची. नवीन साहित्य लगेच घेणे शक्य नाही. यांपैकी कोणता मार्ग धरावा, की चौथाच एखादा मार्ग आहे?

पहिले उत्तर

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि ते आधी वेगळे केले, तर निम्मी अडचण सुटते. एकत्र किती जण वाजवणार हा एक प्रश्न आणि त्याच वेळी किती जणांचे अंतिम ट्रॅक घेतले जाणार हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पाचही जण असे असू शकते आणि तरीही दुसऱ्याचे उत्तर फक्त ड्रमर असे असू शकते. गिटार, बेस, कीबोर्ड आणि आवाज हे सगळे नंतर एका किंवा दोन इनपुटवर, हवे तितक्या वेळा पुन्हा घेता येतात. ड्रमचे तसे नाही. आज किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि उद्या स्नेअर (ड्रमरसमोरचा कडक आवाजाचा ड्रम) असे करता येत नाही. म्हणून चारही इनपुट ड्रमला द्यावेत, बाकीच्या चौघांनी त्याच वेळी पूर्ण जीव ओतून वाजवावे, पण त्यांचे वाजवणे इंटरफेसमध्ये न जाता फक्त सगळ्यांच्या हेडफोनमध्ये जावे, अशी मांडणी मी करेन.

यासाठी तुमचा मिक्सर उत्तम कामाचा आहे. बेस डीआय बॉक्समधून, कीबोर्ड लाइन इनपुटवर, गिटार पेडलच्या अ‍ॅम्प सिम्युलेटरमधून (अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या सोयीतून) आणि गायिकेचा माईक अशा चार गोष्टी मिक्सरमध्ये घ्या. इंटरफेसचा आउटपुट, म्हणजे क्लिक आणि ड्रमचे माईक, मिक्सरच्या एका स्टिरिओ चॅनलवर आणा आणि मिक्सरचा हेडफोन आउटपुट एका हेडफोन अ‍ॅम्पमधून पाच जणांना वाटा. हेडफोन अ‍ॅम्प नसेल, तर तेवढी एक वस्तू मात्र कुणाकडून तरी मागून आणा. वादकांचे सिग्नल संगणकात जातच नसल्यामुळे त्यांना स्वतःचे वाजवणे उशिरा ऐकू येण्याचा प्रश्न उरत नाही. ड्रमचे माईकही सॉफ्टवेअरमधून न ऐकता इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगवर (संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये) ऐका, कारण ४८ किलोहर्ट्झवर २५६ सँपलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) ठेवला, तर एकट्या बफरचाच उशीर सुमारे ५.३ मिलिसेकंद होतो. संगणकात जाताना आणि बाहेर येताना तो दोनदा मोजावा लागतो, शिवाय कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. खोलीत अ‍ॅम्प बंद असल्यामुळे ड्रमच्या माईकमध्ये फक्त ड्रमच येतील. गायिकेला मात्र शेजारच्या खोलीत, दार किंचित उघडे ठेवून, सगळे दिसतील अशा जागी उभे करा. तुम्ही ज्या रेंगाळण्याबद्दल लिहिले आहे, ते एकमेकांचे चेहरे दिसल्याशिवाय होत नाही.

आता चार माईक. एक किकला, एक स्नेअरला आणि दोन कंडेन्सर ओव्हरहेड, म्हणजे सगळा सेट वरून ऐकणारे. ग्लिन जॉन्स या ब्रिटिश ध्वनिमुद्रकाच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत तुमच्या साहित्याला जुळणारी आहे: एक ओव्हरहेड स्नेअरच्या वर आणि दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, टॉमच्या कडेवरून स्नेअर आणि हाय-हॅटकडे पाहणारा. या पद्धतीचा सगळा प्राण एका अटीत आहे: दोन्ही माईक स्नेअरच्या मध्यबिंदूपासून अगदी समान अंतरावर हवेत. डोळ्यांच्या अंदाजावर हे सोडू नका. एक दोरी घ्या, तिचे एक टोक ड्रमरला अंगठ्याने स्नेअरच्या मध्यावर दाबून धरायला सांगा, दोरी पहिल्या माईकपर्यंत ताणून तिथे गाठ मारा आणि तीच गाठ दुसऱ्या माईकच्या जाळीला टेकेपर्यंत त्याचा स्टँड सरकवा. पाच मिनिटांचे काम आहे. ते केले नाही, तर स्नेअरचा आवाज दोन माईकपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचतो, दोन्ही एकत्र ऐकताना काही कंप्रता एकमेकांना पुसून टाकतात, आणि तो पोकळपणा नंतर कोणत्याही इक्वलायझरने भरून निघत नाही.

गेन (माईकचा आवाज किती वाढवायचा ते) ठेवताना चोवीस बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत जोरात वाजवलेल्या जागीही पातळी उणे १० ते १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. चाचणीच्या वेळी ड्रमर नेहमी जपून वाजवतो आणि खऱ्या टेकमध्ये हमखास जोरात वाजवतो.

इंटरफेसमध्ये गाईड ट्रॅक (नंतर वाजवताना ऐकण्यापुरते कच्चे रेकॉर्डिंग) घ्यायला जागा उरत नाही, हा या मांडणीतला एकच तोटा. त्यासाठी मिक्सरचा दुसरा आउटपुट तुमच्या जुन्या इंटरफेसमधून वेगळ्या संगणकावर किंवा साध्या रेकॉर्डरवर घ्या. टेक सुरू होण्याआधी ड्रमरने स्टिक एकमेकींवर चार वेळा आपटल्या की त्या आवाजावरून दोन्ही रेकॉर्डिंग जुळवता येतात. गाण्याच्या शेवटी दोन्हींत थोडा फरक पडेल, पण गाईड पुढे टाकूनच द्यायचा असल्याने तो सहन करता येतो.

दुसरे उत्तर

वरील पद्धत नीटस आहे आणि ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, पण तुमची मूळ तक्रार वाचल्यावर ती तुम्हाला पुरेशी पडेल असे मला वाटत नाही. तुमच्या गाण्यातून जे हरवले, ते फक्त ड्रममध्ये नव्हते. ड्रमर रेंगाळला तेव्हा बेसवादक त्याच्या किकवर टेकून थांबला, गिटारवादकाने तार दाबून धरली, हे सगळे एका क्षणात एकमेकांच्या प्रतिसादात घडले. ड्रम जिवंत ठेवून बेस चार दिवसांनी एकट्याने वाजवला, तर तो त्या क्षणाची नक्कल करेल. कधी ती नक्कल चांगली जमते, कधी नाही. म्हणून निदान ड्रम आणि बेस ही जोडी एकाच टेकमध्ये अंतिम म्हणून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

यासाठी इनपुट कुठून आणायचे? पहिली बचत तुमच्या स्वतःच्या वाद्यात आहे. कीबोर्डला इनपुट देऊच नका. तो यूएसबी किंवा मिडी केबलने संगणकाला जोडा आणि तुम्ही काय वाजवले एवढेच मिडी म्हणून (आवाज नव्हे, कोणती पट्टी कधी दाबली याची नोंद) रेकॉर्ड करा. त्याला एकही ऑडिओ इनपुट लागत नाही. वाजवताना कीबोर्डचा स्वतःचा आवाज मिक्सरमधून ऐका, म्हणजे उशीर जाणवणार नाही. नंतर तोच मिडी ट्रॅक कीबोर्डला परत पाठवून त्याचा आवाज निवांतपणे दोन इनपुटवर स्टिरिओ घ्या. बोटे त्या क्षणाची, आवाज नंतरचा.

दुसरी बचत ड्रममध्ये. एकाच माईकने घेतलेला ड्रम सेट म्हणजे तडजोड, ही समजूत मला मान्य नाही. एक कान बोटाने बंद करा, ड्रमर वाजवत असताना सेटभोवती हळूहळू फिरा, कधी खाली वाका, कधी उंच व्हा, आणि ज्या जागी किक, स्नेअर आणि सिंबल आपापल्या मापात ऐकू येतील, तिथे माईक लावा. बऱ्याचदा ती जागा स्नेअरच्या वर किंवा ड्रमरच्या उजव्या खांद्यामागे सापडते. एका माईकमध्ये फेजचा, म्हणजे दोन माईकचे आवाज एकमेकांना खोडण्याचा, प्रश्नच नसतो. मात्र त्यात मिक्स ड्रमरने हातांनीच करायचे असते. सिंबल जोरात आणि टॉम हळू वाजवले, तर ते नंतर दुरुस्त होत नाही. आमच्या ड्रमरला सिंबलवर निम्म्या जोराने वाजवायला शिकण्यात दोन सरावसत्रे गेली, आणि त्या दोन सत्रांनी आमच्या रेकॉर्डिंगमध्ये जो फरक पडला, तो मी त्यानंतर घेतलेल्या कोणत्याही माईकने पडला नाही.

म्हणून माझी वाटणी अशी: एक ओव्हरहेड, एक किक, तिसऱ्या इनपुटवर डीआयमधून बेस, चौथ्यावर गिटारचा अ‍ॅम्प. कीबोर्ड मिडीवर. आवाज फक्त गाईड म्हणून. गिटारचा अ‍ॅम्प खोलीत चालू ठेवला, तर त्याचा आवाज ड्रमच्या माईकमध्ये शिरणार हे खरे, पण लीकेजला इतके घाबरू नका. ते कुठून आणि कसे येते यावर नियंत्रण ठेवता येते. साध्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) माईकला नेमके पाठीमागून, म्हणजे १८० अंशांवरून, सर्वांत कमी ऐकू येते, तर सुपरकार्डिऑइडला पाठीमागून थोडे ऐकू येते आणि सर्वांत कमी सुमारे १२६ अंशांवरून. आपला माईक कोणत्या जातीचा आहे हे पाहून त्याची ती बहिरी बाजू ड्रमकडे करा. माईक अ‍ॅम्पच्या जाळीपासून दहा सेंटीमीटरवर असेल, तर दुसरा माईक निदान त्याच्या तिप्पट अंतरावर हवा असा एक जुना नियम आहे. तुमच्या खोलीत तो सहज पाळता येईल. लीकेजची खरी किंमत वेगळी आहे: गिटारवादक चुकला, तर ती चूक ओव्हरहेडमध्येही उमटलेली असते आणि मग पूर्ण टेकच पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून ही पद्धत सरावात गाणे पक्के बसलेल्या बँडसाठीच आहे. तुमचे वर्णन वाचून तुम्ही तसे आहात असे वाटते.

मिक्सरमध्ये ड्रम एकत्र करण्याच्या तुमच्या पहिल्या मार्गाबद्दलही एक गोष्ट सांगतो. मिक्सरमधून गेलेला तोल कायमचा होतो आणि म्हणून लोक तो टाळतात. पण पॅनचे बटण वापरून त्यातून अर्धी सुटका करता येते. किकचा चॅनल पूर्ण डावीकडे आणि ड्रमचे बाकीचे सगळे माईक पूर्ण उजवीकडे वळवा. मग इंटरफेसच्या एका इनपुटवर फक्त किक आणि दुसऱ्यावर उरलेला सेट येतो आणि निदान त्या दोहोंमधला तोल नंतर बदलता येतो. किकच का, तर बेसशी तिचे जमवणे हेच मिक्सिंगमधले सर्वांत नाजूक काम असते. असे करणार असाल, तर आधी वीस सेकंद रेकॉर्ड करून स्पीकरवर ऐका, मिक्सरवर फेरफार करा आणि पुन्हा ऐका. हेडफोन लावून ड्रमशेजारी बसून घेतलेला निर्णय भरवशाचा नसतो, कारण हेडफोनच्या बाहेरून येणारा खरा ड्रमही तुमच्या कानात शिरत असतो. १९६७ मध्ये आलेला ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम बीटल्सनी चार ट्रॅकच्या टेप मशीनवर केला; एका मशीनवरचे चार ट्रॅक मिसळून दुसऱ्या मशीनच्या एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि पुढे जायचे, अशी त्यांची रीत होती. उतरवताना जो तोल धरला, तो पक्का. तिथे ते काम करणारे लोक त्या वेळी कान देऊन निर्णय घेत होते, एवढेच.

तिसरे उत्तर

मी फक्त तांत्रिक बाजूवर लिहितो, कारण दोन इंटरफेस जोडण्याच्या मार्गात पुष्कळ जण अडकतात.

प्रत्येक इंटरफेसच्या आत स्वतःचे घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. त्यांच्या गतीत दहा लाखांत पन्नास भाग एवढा जरी फरक असला, तरी दर मिनिटाला ३ मिलिसेकंद आणि चार मिनिटांच्या गाण्यात १२ मिलिसेकंद एवढी तफावत साठते. एवढ्या वेळात आवाज चार मीटर अंतर कापतो. गाण्याच्या सुरुवातीला जुळलेले किक आणि ओव्हरहेड शेवटी तुमच्या खोलीच्या लांबीइतके दूर गेलेले असतील. मॅकवर ‘अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस’ करून त्यात ‘ड्रिफ्ट करेक्शन’ चालू करता येते आणि ते बऱ्यापैकी चालते. विंडोजवर मात्र बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर) वापरू देतात. म्हणून जुना इंटरफेस ड्रमसाठी वापरू नका; वर सुचवल्याप्रमाणे गाईडसाठी तो योग्य आहे.

तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला तपशील तुम्ही ओझरता लिहिला आहे: मागचे ऑप्टिकल सॉकेट. इंटरफेसचे मॅन्युअल काढून ते कशासाठी आहे हे आजच पाहा. ते इनपुट असेल आणि अडॅट (एका केबलवरून अनेक चॅनल पाठवण्याची डिजिटल पद्धत) स्वीकारत असेल, तर एका ऑप्टिकल केबलवर ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला आठ आणि ९६ किलोहर्ट्झला चार अतिरिक्त चॅनल आत येऊ शकतात. त्यासाठी अडॅट आउटपुट असलेला, माईकचा आवाज वाढवणारा आठ चॅनलचा प्रीअ‍ॅम्प लागतो. विकत घेणे शक्य नसले, तरी ओळखीतल्या कुणाकडून दोन दिवसांसाठी तो मिळू शकतो, आणि ड्रमचे काम दोन दिवसांत होते. पण काही इंटरफेसवर अगदी तसेच दिसणारे सॉकेट फक्त एसपीडिफ या दुसऱ्या डिजिटल पद्धतीसाठी असते आणि त्यावर दोनच चॅनल येतात. सॉकेट आणि केबल सारखीच असल्यामुळे नुसते पाहून काही कळत नाही. अडॅट जोडल्यावर प्रीअ‍ॅम्पचे घड्याळ मुख्य ठेवा आणि इंटरफेसच्या सेटिंगमध्ये क्लॉक सोर्स म्हणून अडॅट निवडा. हे करायचे राहिले, तर रेकॉर्डिंगमध्ये मधूनच बारीक टकटक ऐकू येते आणि माणूस केबल बदलत बसतो. मी स्वतः एक पूर्ण दुपार त्यात घालवली आहे.

आणखी एक. बेसला डीआय बॉक्स वापरणार असाल, तर बेसवादकाचा अ‍ॅम्पचा आवाज आत्ता मिळाला नाही म्हणून नाराज होऊ नका. डीआयचा स्वच्छ ट्रॅक नंतर अ‍ॅम्पमधून वाजवून पुन्हा माईकने घेता येतो.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. मॅन्युअल पाहिले, सॉकेट इनपुटचेच आहे, पण दुर्दैवाने फक्त एसपीडिफचे आहे. म्हणून आम्ही पहिल्या आणि दुसऱ्या उत्तराचा मेळ घातला. चार इनपुटची वाटणी अशी केली: किक, स्नेअर, एक ओव्हरहेड आणि डीआयमधून बेस. कीबोर्ड मिडीवर घेतला, आणि त्यामुळे इनपुट वाचतो हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात कसे आले नाही याचे मला आश्चर्य वाटते. गिटार सिम्युलेटरमधून आणि आवाज दाराबाहेरून, दोन्ही मिक्सरमार्फत फक्त हेडफोनमध्ये आणि जुन्या इंटरफेसवर गाईड म्हणून. काल पहिल्या गाण्याचे चार टेक झाले.

बँडचे वाजवणे ऐकून आम्ही सगळे खूश आहोत, पण स्नेअरने मला गोंधळात टाकले आहे. स्नेअरचा माईक एकटा ऐकला तर आवाज भरदार आहे. ओव्हरहेड एकटा ऐकला तरी स्नेअर चांगला वाटतो. दोन्ही एकत्र केले की त्याचे पोट नाहीसे होते आणि नुसता कडकड आवाज उरतो. ओव्हरहेड स्नेअरच्या बरोबर वर सुमारे ९० सेंटीमीटरवर आहे आणि स्नेअरचा माईक कातड्यापासून ५ सेंटीमीटरवर. ड्रम पुन्हा घ्यावे लागतील का? तिसरा टेक इतका चांगला झाला आहे की तो टाकायला कुणीच तयार नाही.

पहिले उत्तर देणाऱ्याकडून

टेक टाकू नका. तुम्ही अंतरे मोजून लिहिलीत म्हणून कारण इथूनच सांगता येते. दोन्ही माईकच्या अंतरांतला फरक ८५ सेंटीमीटर आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ओव्हरहेडमध्ये स्नेअर सुमारे २.५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ज्या कंप्रतेची तरंगलांबी या ८५ सेंटीमीटरच्या दुप्पट, म्हणजे १.७ मीटर आहे, ती दोन माईकमध्ये नेमकी उलट्या अवस्थेत भेटते आणि एकमेकींना खोडते. ती कंप्रता येते सुमारे २०० हर्ट्झ, आणि स्नेअरचा भरदारपणा बहुधा तिथेच आसपास असतो. तुम्ही माईक चुकीचे लावले असे नाही. योगायोगाने ते अंतर तुमच्या स्नेअरच्या पोटावर बसले.

आधी सर्वांत सोपे करा. स्नेअरच्या ट्रॅकवर पोलॅरिटी (तरंगाची वर-खाली दिशा) उलट करण्याचे बटण, तिरकी रेघ मारलेले शून्य, दाबून पाहा. २०० हर्ट्झजवळ जे एकमेकांना खोडत होते, ते आता एकमेकांना साथ देईल. मात्र त्याहून खालच्या आणि वरच्या काही जागी नवीन खड्डे पडतील, म्हणून दोन्ही अवस्था डोळे मिटून ऐका आणि जास्त भरदार वाटेल ती ठेवा. ते पुरेसे वाटले नाही, तर बटण पूर्ववत करून स्नेअरचा जवळचा ट्रॅक २.५ मिलिसेकंद उशिरा सरकवा; ४८ किलोहर्ट्झवर ते सुमारे ११९ सँपल होतात. तरंगाकृती मोठी करून पाहिली, तर दोन्ही ट्रॅकवर स्नेअरचा पहिला उंचवटा स्पष्ट दिसतो आणि हाताने जुळवता येतो. एकेक सँपल म्हणजे हवेत जेमतेम ७ मिलिमीटर, तेव्हा घाई न करता दोन-तीन सँपल पुढे-मागे करून ऐका. हे झाल्यावर किकच्या ट्रॅकचीही पोलॅरिटी तशीच दोन्ही बाजूंनी तपासा, कारण किकही ओव्हरहेडमध्ये ऐकू येतेच.

दुसरे उत्तर देणाऱ्याकडून

यात एक भर घालतो. पुढच्या पाच गाण्यांसाठी ओव्हरहेड त्याच जागी असेल, तर हाच आकडा पुन्हा वापरता येईल. म्हणून आज घरी गेल्यावर स्टँडच्या तिन्ही पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावा आणि दांडीच्या उंचीवरही खूण करा. गेनच्या बटणांचा फोटो काढून ठेवा. आणि छत कमी उंचीचे असेल, तर ओव्हरहेडच्या वर छताला एक जाड रजई बांधा. छतावरून परतणारा आवाज सिंबलला जो किरकिरेपणा देतो, तो तिने बराच कमी होतो. किकचा घुमारा मात्र रजईने कमी होणार नाही, त्यासाठी सेट खोलीच्या कोपऱ्यातून बाहेर ओढा.

प्रश्नकर्ता

बटण दाबताच स्नेअरचे पोट परत आले. नंतर ११९ सँपल सरकवूनही पाहिले आणि ते अधिक बरे वाटले, म्हणून तेच ठेवले. किकची पोलॅरिटी उलट केल्यावर बेसखाली ती अधिक स्पष्ट बसली. हे मी विचारलेही नव्हते. चिकटपट्टी लावली आहे, रजई उद्या बांधतो.

तिसऱ्या टेकमध्ये दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी ड्रमर रेंगाळतो, बेसवादक त्याच्याबरोबर थांबतो आणि मिडीमध्ये माझे दोन सूरही तेवढेच मागे सरकलेले दिसतात. त्या गाण्याला आम्ही क्लिक फक्त सुरुवातीच्या चार मात्रांपुरता ठेवला होता. रविवारी गिटारचा अंतिम ट्रॅक घ्यायचा आहे. त्या वेळी ड्रमरने समोरच बसून राहावे, अशी गिटारवादकाची अट आहे, आणि ड्रमरने ती मान्य केली आहे.